तीन उपासांची कादंबरी

तातगोंडा आण्णा कादंबरी उपासात मोजायचे.

म्हणजे कसं, ते आधी सांगतो. कारण हे वेळेवर कुणी सांगितलं नाही म्हणून पुढचं सगळं घडलं, आणि न सांगणारा माणूस मीच होतो.

आण्णा जैन. आमच्याकडच्या जैन शेतकऱ्यांच्या घरात संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकतं. मावळला की ताट बंद. राहिलं ते राहिलं, मग सकाळपर्यंत पोटात काही नाही. आण्णा हे काटेकोर पाळायचे. आता असा माणूस दुपारी कादंबरी घेऊन बसला आणि मान वर करून बघतो तर दिवेलागण झालेली, तर त्या दिवशी तो उपाशी झोपणार. हा झाला एक उपास. त्याच कादंबरीनं दुसऱ्या दिवशीही तसंच केलं तर दोन. एक भाकरी खाऊन झाली, दुसरी घ्यायच्या आधी सहज पुस्तकात डोकावले आणि तेवढ्यात सूर्य गेला, तर अर्धा. पाव उपासही होता. त्यात फक्त आमटी करपायची.

ज्या कादंबरीनं काहीच चुकवलं नाही, ती 'भरपेट'. याहून मोठी शिवी आण्णांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. "लय मोठ्या माणसाची हाय म्हंत्यात. वाचता वाचता दोनदा जेवलो गड्या," एवढं बोलून ते पुस्तक माझ्या टेबलावर ठेवायचे. ठेवायचे म्हणजे पालथं ठेवायचे.

मी आमच्या गावच्या वाचनालयाचा चिटणीस. गाव कुंडलपासून दोन-तीन मैलांवर. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो आणि त्या आधीपासूनच हे चिटणीसपण माझ्याकडे आहे. आता वय अठ्ठ्याहत्तर. माझी श्रद्धा दाखल क्रमांकावर. पुस्तक आलं की त्याला क्रमांक पडतो आणि त्या क्रमांकाच्या जागी ते उभं राहतं, यापेक्षा जास्त मी पुस्तकाकडून कधी काही मागितलं नाही.

आण्णांनी कादंबऱ्यांचं कपाट भुकेप्रमाणं लावलं. भरपेट खाली, एक-दीड उपास मधे, दोनच्या पुढचं सगळं वर. रविवारी ते लावायचे, सोमवारी मी परत दाखल क्रमांकानं लावायचो. असं किती सोमवार गेले, त्याचा हिशेब ठेवायचं मी सोडून दिलं. मी तक्रार केली की म्हणायचे, "आवं चिटणीस, पोरगं येतंय आनि इचारतंय, आण्णा, चांगलं कुठलं? त्येला काय सांगू, चारशे सत्तावन्न?"

पोरं हा दुसरा ताप. हायस्कुलातली आणि अकरावी-बारावीची आठ-दहा मुलंमुली दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या ओट्यावर गोळा व्हायची आणि एकमेकांना कादंबऱ्या सांगायची. कुणी काय वाचलं, कुणी काय वाचावं. मधोमध आण्णा, मांडीवर टोपी ठेवून. वाचनालयात शांतता राखा, अशी पाटी मी स्वतः रंगवून लावली होती. ती नेमकी आण्णांच्या डोक्यावर यायची.

"छान हाय आण्णा," ओंकार म्हणायचा.

"छान तर चहाबी असतोय. तुजं नुकसान काय झालं ते सांग."

"नुकसान काय न्हाई."

"मग ठेव जा परत."

नुकसान हा शब्द मुलांनी उचलला. त्यांच्या घरी जेवणाला सूर्याची अट नव्हती, म्हणून प्रत्येकानं आपापलं माप शोधलं. कुणाचं दूध उतू जायचं, कुणाची क्लासची बस चुकायची. ओंकारला कशानंच काही व्हायचं नाही, त्याची सगळे कीव करायचे.

सगळ्यात भारी माप सानिकाचं. ही तेव्हा दहावीत होती. वडील मायाप्पा, मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरातले. आता आमच्या गावात वाट्यानं शेती करतात आणि दारात चार-पाच शेळ्या. शेळ्या चारायचं काम सानिकाचं.

"आण्णा, शेळ्या मक्यात गेल्या," ती खाली बसायच्या आधीच सांगायची.

"कुणाच्या?"

"सरपंचाच्या."

"किती खाल्ला?"

"दोन सऱ्या."

"दोन सऱ्या? आनि तुला कळलं न्हाई?"

"बाई विहिरीच्या काठावर उभी हुती आण्णा. मी कशी मान वर करू?"

मग त्या पुस्तकावर झुंबड उडायची. सांगायची हातोटी होती त्या पोरीकडं, हे मला खिडकीतून ऐकतानासुद्धा कळायचं. 'एक बाई असती' असं ती सुरू करायची आणि त्या बाईचा नवरा बोटीवर निघून जायचा, आणि ती त्याच्या जुन्या चपला रोज पुसून ठेवायची, आणि एक दिवस चपला ओल्या असायच्या. इथं थांबून सानिका म्हणायची, "वाचा मग." आण्णा तिचं ऐकताना मान एका बाजूला कलती करायचे आणि तोंड हलवत राहायचे, जणू काही चघळताहेत.

हे सगळं ओट्यावर राहिलं असतं तर मी सोसलं असतं. पण ते माझ्या रजिस्टरात आलं. देवघेवीच्या रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. पुस्तक फाटलं, पान सुटलं, असं त्यात लिहायचं. मी चहाला गेलो की पोरं तिथं नुकसान नोंदवायची आणि आण्णा त्यांना पेन द्यायचे. 'दूध उतू.' 'दीड उपास, तातगोंडा.' 'शेळ्या मक्यात, दोन सऱ्या.' वर्षाची तपासणी आली. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेऱ्याचा रकाना बोट लावून वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"चिटणीस, पुस्तक शेळ्यांनी खाल्लं का?"

"नाही साहेब."

"मग मक्यात काय गेलं?"

त्यांनी 'नोंदी समाधानकारक नाहीत' असं लिहिलं. माझ्या नोंदींवर आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं लिहिलं. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "त्या सायबाला एक चांगलं पुस्तक द्याचं हुतं की. लय जेवलेला वाटला."

आणि भर बाजारात, भाजीवाल्यांच्या रांगेत, दहा माणसं ऐकत असताना लांबून हाक मारायचे, "चिटणीस, तुमचं शेवटचं नुकसान कवा झालं?" मी पिशवी घेऊन पुढं जायचो. खरं सांगायचं तर कॉलेज सुटल्यापासून मी एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली नव्हती. आणि आणखी खरं सांगायचं तर, इतक्या वर्षांत एकाही मुलानं माझ्या टेबलाशी येऊन, काका, काय वाचू, असं विचारलं नव्हतं. माझा संताप रजिस्टरासाठी होता असं मी स्वतःला सांगत आलो. ते निम्मंच खरं.

आता त्या चिठ्ठीकडे येतो.

सानिकानं एक जाड कादंबरी नेली आणि पुढच्या रविवारी कुरकुर केली, की पहिली पन्नास पानं नुसतं घरच बांधत्यात. आण्णांनी एक चिठ्ठी लिहिली आणि पुस्तकात ठेवून दिली. 'सानिका, तीन उपास. मधी सोडू नको. आण्णा.'

सानिकाची आई एकादशी, चतुर्थी, सोमवार, सगळं करणारी बाई. तिच्या लेखी उपास म्हणजे उपास. त्याच आठवड्यात सानिकाला ताप आला, सकाळी काही न खाता ती शाळेत गेली आणि प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. घरी आणलं, दप्तर उघडलं, पुस्तकातनं चिठ्ठी पडली. सानिका तापात झोपलेली. तिला विचारायच्या आधीच मायाप्पा माझ्या दारात.

"चिटणीस, ह्यो म्हातारा आमच्या पोरीला तीन उपास धरायला लावतोय. वर मधी सोडायचं न्हाई म्हंतोय. आमचं देव काय कमी पडलं व्हय त्येला?"

मी चिठ्ठी वाचली. मला हसू यायला हवं होतं. आण्णा सोडले तर त्या गावात त्या चिठ्ठीचा अर्थ सांगू शकणारा मोठा माणूस मी एकटाच होतो. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणालो, "अर्ज द्या. सभेपुढं ठेवतो."

सभा भरेपर्यंत गावात गोष्ट बरीच वाढली. आण्णा पोरांना जैनांचे उपास शिकवतात, उपास केल्याशिवाय पुस्तक देत नाहीत, एका पोरीला सलाईन लावावं लागलं. शेवटचं तर पूर्ण खोटं. सानिका दुसऱ्या दिवशी शेळ्या घेऊन गेली होती. पण पोरांना सभेत बोलवायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि मायाप्पानं तिला गप्प बसायला सांगितलं होतं.

सभेला आम्ही सहा जण. आण्णा हसत आले आणि टोपी मांडीवर ठेवून बसले.

"आण्णा, ही चिठ्ठी तुमचीच?" अध्यक्षांनी विचारलं.

"व्हय. अक्षर माजंच हाय."

"तीन उपास?"

"कमीच सांगितलं. मला साडेतीन लागलं."

"म्हणजे तुम्ही स्वतः करून मग पोरांना सांगताय?"

"न करता कसं सांगायचं? ते खोटं हुईल की."

सभासदांनी एकमेकांकडे बघितलं. आण्णांच्या ध्यानात काहीतरी वेगळं चाललंय असं आलं. ते म्हणाले, "आवं, पुस्तक तीन उपासाचं हाय." त्यानं तर सगळंच बिघडलं. पुस्तकाला उपास लागतात हे त्यांनी कबूलच केलं, असं एकजण पुटपुटला. मग आण्णांनी माझ्याकडे हात केला. "चिटणीसांस्नी इचारा. त्यांच्या वहीत सगळं हाय."

सगळे माझ्याकडे वळले. मी रजिस्टर उघडलं आणि म्हणालो, "शेऱ्याच्या रकान्यात आण्णांनी उपासांच्या नोंदी केलेल्या आहेत, हे खरं आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. नोकरीत हेच शिकलो होतो.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी वाचता वाचता एखादं पान गाळलं असावं, असं त्यांना वाटलेलं दिसलं. मग त्यांनी टोपी घातली आणि उठले. मी इतिवृत्तात लिहिलं, 'श्री. तातगोंडा यांनी मुलांना उपासास प्रवृत्त केल्याचे निदर्शनास आल्यावरून त्यांना वाचनालयात येण्यास मनाई करण्यात येत आहे.' अक्षर आजही सुरेख दिसतं.

दुसऱ्या दिवशी सानिका आली. "काका, तुमाला ठाव हुतं की." मी म्हणालो, विषय मोठ्यांचा होता. तिनं ती जाड कादंबरी टेबलावर ठेवली, दाखल क्रमांक माझ्याकडे करून, आणि गेली. पुढच्या रविवारी ओट्यावर कुणी नव्हतं. त्याच्या पुढच्याही नव्हतं. कपाट लावलं तसं राहू लागलं. मला फार बरं वाटलं, साधारण पंधरा दिवस.

काही महिन्यांनी कळलं की आण्णा घराला कुलूप लावून कोरेगावला लेकीकडं गेले. मी ऐकलं आणि वर्तमानपत्रं लावत राहिलो.

यंदा वाचनालयाची जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं. एक मुलगी टाइप करायची आणि मी वहीतून वाचून दाखवायचो. एका वहीत नाव आलं, सौ. पद्मावती तातगोंडा. आण्णांच्या बायको. आमच्या जुन्या वाचक, आठवड्याला एक कादंबरी नेणाऱ्या. सगळी देवघेव माझ्या हातची, पण त्या काय नेतात हे मी कधी बघितलं नव्हतं. वाचत गेलो आणि मधेच थांबलो. आण्णांच्या पानावर हीच नावं होती, याच क्रमानं. बायको गेल्यावर आण्णांनी तिची यादी पहिल्यापासून वाचायला घेतली होती आणि तीच पुस्तकं ते पोरांना सांगत होते. त्यांनी मला त्या यादीचं पान दाखवा म्हणून विचारलंही असेल. मी काढून दिलंही असेल. मला आठवत नाही.

पद्मावतीबाईंच्या शेवटच्या पुस्तकापुढं परतीची तारीख नव्हती. त्यापुढं माझ्या अक्षरात होतं, 'स्मरणपत्र एक, दोन, तीन.' त्या वारल्या हे मला माहीत होतं. मी मातीला गेलो होतो. पण वहीत त्या वारल्याची नोंद नव्हती, म्हणून मी त्यांच्या नावानं तीन पोस्टकार्डं टाकली होती, की आपल्याकडील पुस्तक त्वरित परत करावे. तिसरं कार्ड हातात घेऊन आण्णा पहिल्यांदा वाचनालयात आले होते. एवढं मात्र मला स्वच्छ आठवलं. मी विचारलं, "पुस्तक आणलंय का?" ते म्हणाले, "न्हाई. दुसरं द्या."

मी अध्यक्षांकडे गेलो आणि म्हणालो, तो ठराव चुकीचा आहे, दुरुस्त करू. ते म्हणाले, "दोन वर्षं झाली. जुनं कशाला उकरताय? आता या वयात तुम्हाला काय पडलंय?" म्हणून हे इथं लिहितोय. आणि म्हणून कराडला गाडी बदलून कोरेगावला गेलो.

लेकीचं घर बाजाराच्या मागं. आण्णा अंगणात बाजेवर बसले होते. वाळले होते. जवळ एकही पुस्तक दिसलं नाही.

"बसा चिटणीस. सभेनं धाडलंय काय? कागद आणलाय?"

"नाही. माझा मीच आलोय." मग पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. "मला माहीत होतं आण्णा. आणि मी बोललो नाही."

"व्हय की," आण्णा म्हणाले. लेकीनं चहा आणून ठेवला. ती आत गेल्यावर ते म्हणाले, "मला वाटलं, तुमी जरा येळानं बोलशीला. सगळ्यांम्होरं बोलाय तुमाला अवघड जातंय, ते मला ठाव हाय. म्हनून पायरीवर थांबलो हुतो. लय येळ लावला चपला घालायला."

मी चहाकडे बघत बसलो. त्यावर साय धरली.

शेवटी मी वहिनींच्या पुस्तकाचं बोललो. म्हणालो, ती तीन कार्डं मी टाकायला नको होती. आण्णा आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. मधे केरसुणीची एक काडी.

"ती दुपारी वाचायची आनि मला जेवताना सांगायची," ते म्हणाले. "मला कुठला येळ वाचाय, आनि गोडीबी नव्हती. दिस बुडायच्या आत जेवण, तवा गोष्टबी तितकीच. दिस बुडाला की भांडी घेऊन उठायची, म्हनायची, उद्या. मी मुद्दाम बारीक घास घ्यायचो." त्यांनी काडीवर बोट ठेवलं. "हितवर सांगून झालं हुतं."

"पुढचं तुम्ही वाचलं नाही?"

"न्हाई. बाकी सगळी वाचली. ही मला कुणीतरी सांगाय पायजे."

त्यांनी फडकं परत गुंडाळलं आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"ते जाडजूड पुस्तक पोरीनं शेवटपर्यंत नेलं असतं तर तिला हेच द्याचं हुतं. तशी चिठ्ठीच लिवली हुती, मधी सोडू नको म्हनून. ती चांगली सांगती. माझ्या लेकीला येत न्हाई, ती एका दमात उरकती." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हितवर येईल का ती? लांब पडतंय. मायाप्पा सोडंल?"

"मी आणतो तिला."

"तुमी आधी मायाप्पाला सांगा. तवा ऱ्हायलं, आता सांगा."

परतीच्या गाडीत पुस्तक मांडीवर धरून बसलो. उघडलं नाही. स्टँडवरून घरी न जाता सरळ मायाप्पाच्या दारात गेलो. तो शेळ्यांना पाला टाकत होता. बायको धान्य निवडत बसलेली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की उपास आण्णांचा होता, पुस्तक वाचता वाचता जेवण चुकलं की तो उपास ते मोजायचे; पोरीला त्यांनी फक्त एक चांगली कादंबरी सांगितली होती.

मायाप्पाच्या हातात पाला तसाच राहिला.

"म्हंजे पोरीनं उपास धरलाच न्हवता?"

"नाही. तिला ताप होता."

"आनि हे तुमाला तवाच ठाव हुतं?"

"होतं."

बायकोनं सूप खाली ठेवलं. "आवं चिटणीस," मायाप्पा म्हणाला, "मग दोन वर्सं काय करत हुतासा?"

मी आण्णा काय म्हणाले ते सांगितलं आणि पुस्तक पुढं केलं. मायाप्पानं ते घेतलं नाही. आत वळून नुसती हाक मारली.

सानिका बाहेर आली. आता ती बारावीला आहे, मला उंचीला भारी झालीय. आतून तिनं सगळं ऐकलं असणार. तिनं माझ्या हातातनं पुस्तक घेतलं, फडकं सोडलं, काडी होती तिथं उघडून दोन ओळी वाचल्या, आणि काडी न हलवता मिटलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"कोरेगावला पयली गाडी किती वाजता हाय?" तिनं बापाला विचारलं.